सिरिंज पंप घ्यावा का? घ्या, पण रक्ताच्या पिशवीआधी नको

कंपनीचं नाव लिहिणार नाही. खाली कौतुकाइतकीच तक्रारही आहे, आणि मला दुकानदाराचे फोन नको आहेत. सिरिंज पंप म्हणजे सिरिंजचा दट्ट्या ठरवलेल्या वेगानं हळूहळू ढकलून शिरेत औषध देणारं यंत्र. एका चॅनेलचा (एका वेळी एकच सिरिंज), ५० एमएलच्या सिरिंजवर चालणारा, २५ हजारांच्या आतला पंप, एवढं कळलं तरी पुरे. या भावातले बहुतेक पंप थोड्याफार फरकानं असेच असतात. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन तारे.

मी महामार्गालगतच्या एका खाजगी दवाखान्यात आयसीयूची इन्चार्ज सिस्टर आहे. माहेर खानापूर तालुक्यातलं, नोकरी बेळगावच्या बाजूला. पुणे-बंगळूर रस्त्यावरचं जे काही घडतं त्यातलं बरंच आमच्या दारात येतं. वंटमुरी घाट, संकेश्वर, कधी थेट तवंदी घाटातून. शिनोळी-चंदगडकडचे पेशंटही येतात. मध्ये राज्याची हद्द आहे हे त्यांना रुग्णवाहिकेत आठवत नाही, बिलाच्या खिडकीशी कुठलं कार्ड चालतं हे विचारताना आठवतं. साखर कारखान्यांचं गाळप सुरू झालं की आमच्या रात्री बदलतात. दोन-दोन ट्रॉल्या उसानं भरून ओढणारा ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि त्याच्यावर अंधारात आदळलेली मोटारसायकल. असा पेशंट आला की पहिला प्रश्न रक्त कुठून चाललंय हा, आणि दुसरा बीपी किती हा. पंपाचा संबंध दुसऱ्या प्रश्नाशी आहे, आणि माणसं पहिला सोडून दुसऱ्याच्याच मागे लागतात.

आधी पंपाचं चांगलं सांगते. पंप नव्हते तेव्हा आम्ही नॉरॲड्रिनॅलिन, म्हणजे रक्तवाहिन्या आवळून बीपी वाढवणारं औषध, सलाइनच्या बाटलीत घालून थेंब मोजत द्यायचो. पेशंटनं हात हलवला की थेंब बदलले, थेंब बदलले की बीपी बदललं. हे औषध रक्तात दोन-तीन मिनिटांत निम्मं होतं, म्हणजे आपण दिलेलं कमीजास्त लगेच मॉनिटरवर दिसतं. थेंब मोजायला एक सिस्टर त्या खाटेशी बांधलेलीच. पंपानं हे काम काढून घेतलं. तासाला ४.५ एमएल सांगितलं की तो ४.५ देतो, रात्री तीनलाही तेवढंच देतो. यासाठी मी त्याला पूर्ण मार्क देते.

४.५ हा आकडा उगाच नाही घेतला. आपल्याकडच्या नॉरॲड्रिनॅलिनच्या २ एमएलच्या ॲम्प्यूलवर सहसा दोन आकडे असतात, ४ मिलिग्रॅम बायटार्ट्रेट (औषधाचा क्षार) आणि २ मिलिग्रॅम बेस (त्यातलं नुसतं औषध). हिशेब बेसचा धरायचा. दोन ॲम्प्यूल घेऊन ५० एमएल केलं की ४ मिलिग्रॅम, म्हणजे एका एमएलमध्ये ८० मायक्रोग्रॅम. ६० किलोच्या माणसाला मिनिटाला किलोमागे ०.१ मायक्रोग्रॅम द्यायचं तर तासाला ४.५ एमएल बसतं. कुणी बायटार्ट्रेटचा आकडा धरला की सगळं दुपटीनं चुकतं, आणि दोन सिस्टरांनी दोन पद्धती धरल्या तर ड्यूटी बदलताना पेशंटचं बीपी का हललं ते कुणालाच कळत नाही. आम्ही पंपावर लाल अक्षरांत एकच पद्धत चिकटवली आहे, मराठीत आणि कन्नडमध्ये. गोकाक, बैलहोंगलच्या मुलींना कन्नड सोयीचं, आमच्याकडच्यांना मराठी. पडद्यावर मात्र सगळी इंग्रजी.

पहिला अर्धा तारा मी इथेच कापला. पंपावर वजन आणि डोस घालून चालवायची सोय आहे, पण वरची मर्यादा बांधायची सोय नाही. ४.५ च्या जागी ४५ दाबलं तरी तो मुकाट्यानं ४५ देईल. महागड्या पंपांत औषधांची यादी आणि मर्यादा आत भरून ठेवता येते. या भावात ती मिळणार नाही हे मान्य, पण निदान ‘एवढं नक्की का?’ असं एकदा विचारायला काय जात होतं? म्हणून आमच्याकडे आकडा एकीनं दाबायचा आणि दुसरीनं मोठ्यानं वाचायचा. स्टार्टचं बटण त्यानंतर.

दुसरी खोड, सुरुवातीचा उशीर. सिरिंज बसवली, स्टार्ट दाबलं, हिरवा दिवा लागला, म्हणजे औषध गेलं असं नाही. दट्ट्या आणि पंपाच्या पकडीत थोडी ढील असते, सिरिंजचं रबर दबतं, नळी फुगते. तासाला तीन-चार एमएलच्या वेगात ही ढील भरून निघायला मिनिटं जातात. पडणारं बीपी आणि ती मिनिटं, दोन्ही एकदम बघवत नाहीत. यावर उपाय सोपा आहे. नळी पेशंटला जोडण्याआधी पर्जचं, म्हणजे नळी वेगानं भरायचं, बटण दाबून टोकाला थेंब दिसेपर्यंत चालवायची, मगच जोडायची. जोडल्यावर पर्ज कधीही नाही. नवी सिरिंज लावतानाही जुनी संपायच्या आत दुसरा पंप चालू करून मग बदल करायचा. म्हणजे एका पेशंटला दोन पंप लागतात, हे दुकानदार सांगत नाही, मी सांगते.

तिसरी, सिरिंज. हा पंप ठरावीक कंपन्यांच्या सिरिंजा ओळखतो. स्टोअरमध्ये त्या संपल्या आणि फार्मसीनं दुसरीच स्वस्त सिरिंज पाठवली की व्यास वेगळा, म्हणजे पंप ४.५ म्हणेल आणि जाईल काहीतरी भलतंच. अलार्म वाजत नाही, कारण पंपाच्या हिशेबात सगळं ठीक असतं. सिरिंजांचा खर्च पंपाच्या किमतीत धरूनच खरेदी करा.

नळी अडकल्याचा अलार्म उशिरा वाजतो. वेग कमी असला की आत दाब साचायला वेळ लागतो. तोवर औषध बंद, आणि अडथळा सुटला की साचलेलं एकदम आत. आमच्या नव्या सिस्टरनं एकदा हाक मारली, ‘अक्का, पंप ओरडायलाय बघा की!’ बघते तर थ्री-वे, म्हणजे नळीतली तीन तोंडांची तोटी, उलटा फिरलेला. तिला म्हटलं, आधी नळी पेशंटपासून तोड, दाब बाहेर जाऊ दे, मग थ्री-वे फिरव. ती वेळेवर ओरडली म्हणून बरं. तिनं आधी थ्री-वेच फिरवला असता तर पेशंटचं बीपी दोनशेवर गेलं असतं.

बॅटरी ठीक आहे. लाइट गेली की आपोआप बॅटरीवर जातो, जनरेटर लागेपर्यंत तक्रार नाही. रुग्णवाहिकेतून हुबळीला किंवा कोल्हापूरला पेशंट हलवायचा असला तरी चालतो, फक्त चार्जिंगची वायर बरोबर घ्या आणि पंप पेशंटच्या छातीच्या उंचीला बांधा. पंप वरखाली केला तरी औषध मागेपुढे होतं. सर्व्हिसचा इंजिनिअर हुबळीहून येतो, सांगितलेल्या दिवशी येत नाही, पण येतो.

उरलेला एक तारा कापला त्यात पंपाचा दोष कमी आहे. तो कशासाठी विकला जातो, याचा जास्त.

विकायला आलेला मुलगा म्हणाला, ‘मॅडम, हायवेवरचा दवाखाना, ट्रॉमा येणारच. हा पंप असला की शॉक आटोक्यात.’ हे वाक्य अर्धवट आहे. शॉक म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त न पोचणं, आणि त्याची कारणं वेगवेगळी. जंतुसंसर्गाच्या शॉकमध्ये रक्तवाहिन्या ढिल्या पडलेल्या असतात, तिथे नॉरॲड्रिनॅलिन खरंच कामाचं, पंपही कामाचा. रक्त वाहून गेलेल्या पेशंटचं गणित वेगळं. त्याच्या वाहिन्या आधीच आवळलेल्या असतात. शरीरानं स्वतःचं ॲड्रिनॅलिन ओतलेलं असतं, म्हणून तर हातपाय गार, घाम थंड, नाडी १३०. त्यावर आपण आणखी आवळलं तर मॉनिटरवरचा आकडा वाढतो, रक्त तेवढंच राहतं. सभेला माणसं कमी आली म्हणून मोठ्या मैदानाऐवजी लहान हॉल घेतला, की फोटोत गर्दी दिसते. माणसं तेवढीच.

आणि नातेवाईक फोटोच बघतात. एका शेतकरी बापानं मला विचारलं होतं, ‘बाई, बीपी किती झालं?’ मी म्हटलं, ‘एकशे दहा.’ ‘मग बरं हाय की!’ म्हणून ते बाहेर फोन करायला गेले. आत पोराचं कंबरेचं हाड मोडलेलं, पोट फुगत चाललेलं. तो जिथून आला तिथल्या लोकांनी हाताच्या मागच्या बारीक शिरेतल्या निळ्या कॅन्युलामधून (शिरेत बसवायची नळी, निळी म्हणजे बारीक) नॉरॲड्रिनॅलिन चालू करून पाठवला होता. सोबत रक्ताची एकही पिशवी नाही, मोडलेलं हाड आवळून धरणारा कंबरेचा पट्टा नाही. आकडा एकशे दहा. लॅक्टेट लावला तर नऊच्या वर. शरीरात ऑक्सिजन पोचत नाहीये हे लॅक्टेट सांगतो, बीपी सांगत नाही. कुठून आला होता ते लिहिण्यात अर्थ नाही, असं अनेक ठिकाणी होतं. त्या बारीक शिरेतून औषध बाजूच्या मांसात झिरपलं असतं तर कातडी काळी पडून सडली असती, ते वेगळंच. आम्ही आधी चादर घडी करून मांडीच्या वरच्या हाडांच्या उंचवट्यांवर घट्ट आवळली, जाड करडी कॅन्युला लावली, रक्त मागवलं. पंप चालू ठेवला, पण वेग खाली आणला. रक्त आल्यावर तो हळूहळू बंदच झाला. मुलगा वाचला. श्रेय सर्जनचं आणि शहरातल्या रक्तपेढीतल्या त्या रात्रीच्या टेक्निशियनचं.

आमच्या भूलतज्ज्ञ मॅडम हा विषय निघाला की पुस्तक उघडतात. त्यांच्याकडून आणि नंतर स्वतः वाचून जे समजलं ते थोडक्यात. अपघाताच्या उपचारांचं शिक्षण देणारा एटीएलएस हा कोर्स रक्तस्रावाच्या शॉकमध्ये ही वाहिन्या आवळणारी औषधं पहिला उपाय म्हणून देऊ नका असं सांगतो. २००८ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात, जखमींना लवकर ही औषधं मिळाली त्यांच्यात मृत्यू जास्त दिसले. पण जास्त खालावलेल्यांनाच ती दिली जातात, मग दोष औषधाचा की अवस्थेचा? २०२२ मध्ये फ्रान्समधून जो अभ्यास आला त्यात लवकर नॉरॲड्रिनॅलिन दिल्यानं चोवीस तासांतले मृत्यू वाढलेले दिसले नाहीत. युरोपच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना मधली वाट धरतात. रक्तस्राव थांबेपर्यंत सलाइन हात आखडून द्या, डोक्याला मार नसेल तर वरचं बीपी ८० ते ९० वर समाधान माना, आणि तेवढंही टिकत नसेल, जीव जाईल अशी स्थिती असेल, तर नॉरॲड्रिनॅलिन जोडा. जोडा म्हणजे रक्ताच्या बरोबरीनं. सर्जन हात घालेपर्यंतची मिनिटं त्यानं मिळतात, तास मिळत नाहीत.

८० ते ९० चा नियम डोक्याला जबर मार असलेल्याला लावायचा नाही, हे आमच्या प्रत्येक नव्या सिस्टरला मी बजावते. मेंदूला दाब लागतो. आणि मान मोडून मज्जारज्जू दुखावलेल्याचंही वेगळंच असतं. बीपी खाली, पण नाडी संथ आणि कातडी कोमट. तिथे वाहिन्या खरंच ढिल्या असतात, तिथे हा पंप शोभतो. पण घाटातून पडलेल्या माणसाला मानही मोडलेली आणि प्लीहाही फाटलेली असू शकते. म्हणून पोटाची सोनोग्राफी होईपर्यंत ‘मज्जारज्जूचं आहे’ असं कुणी म्हणालं तर मी मान डोलावत नाही.

व्हेसोप्रेसिन या वाहिन्या आवळणाऱ्या दुसऱ्या औषधाबद्दलही विचारतात. २०१९ चा ॲव्हर्ट-शॉक अभ्यास अमेरिकेतल्या एकाच केंद्रातला, शंभर जखमींचा. सुरुवातीला ४ युनिट आणि मग मिनिटाला जास्तीत जास्त ०.०४ युनिट, असं थोडंसं व्हेसोप्रेसिन दिलं. फार रक्त गेलं की शरीराचा स्वतःचा साठा आटतो, तो भरून काढायचा हा त्यामागचा विचार. रक्त आणि रक्तघटक साधारण निम्मेच लागले, १.४ लिटर विरुद्ध २.९. मृत्यूंच्या आकड्यात फरक मात्र दिसला नाही. जिथे रक्ताचा तुटवडा त्या आपल्यासारख्या ठिकाणी हे वाचून तोंडाला पाणी सुटतं, पण नीट बघा. त्या पेशंटांना रक्त भरपूर मिळतच होतं. रक्ताऐवजी व्हेसोप्रेसिन असा तो अभ्यास नव्हता. आमच्या मॅडम निवडक पेशंटला वापरतात. २० युनिट ५० एमएलमध्ये केलं की ०.०४ साठी तासाला ६ एमएल. हा वेग पंप छान सांभाळतो.

गंमत अशी की रक्त वाहणाऱ्या पेशंटला या पंपाचा सगळ्यात चांगला उपयोग मला एका साध्या, स्वस्त औषधासाठी दिसला. ट्रानेक्सॅमिक ॲसिड, रक्ताची गुठळी विरघळू न देणारं औषध. २०१० च्या क्रॅश-२ अभ्यासात वीस हजारांवर जखमी होते, आपल्या देशातलेही. १ ग्रॅम दहा मिनिटांत आणि मग १ ग्रॅम आठ तासांत, असं दिल्यावर मृत्यू १६ टक्क्यांवरून १४.५ वर आले. मार लागल्यापासून तीन तासांच्या आत सुरू झालं पाहिजे, उशिरा दिलं तर उलट नुकसान. दुसरा ग्रॅम ५० एमएल करून तासाला सव्वासहा एमएल लावला की आठ तासांत संपतो आणि सिस्टरला घड्याळ बघावं लागत नाही. विकणाऱ्या मुलानं हे सांगितलं असतं तर मी लगेच मान्य केलं असतं. त्याला हे औषध माहीतच नव्हतं.

म्हणून महामार्गावर, नाही तर चिकोडी-खानापूरसारख्या ठिकाणी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं की पंप घ्यावा का, तर मी आधी उलट विचारते. रक्त साठवायचा परवाना आणि फ्रिज आहे का? नसेल तर कुठल्या रक्तपेढीशी बोलणं झालंय, रात्री दोनला फोन कोण उचलतं, आणि पिशवी आणायला गाडी कुणाची? ओ निगेटिव्ह आपल्याकडे सहज मिळत नाही, पण पुरुष पेशंटला क्रॉसमॅचपर्यंत (रक्त जुळवून बघेपर्यंत) ओ पॉझिटिव्ह चालतं हे तुमच्या स्टाफला ठाऊक आहे का? रक्त गरम करायचं यंत्र आहे का? फ्रिजमधली चार डिग्रीची पिशवी तशीच धाडधाड दिली की पेशंट गार पडतो, आणि गार पडलेलं रक्त गोठत नाही. कॅल्शियमची ॲम्प्यूल हाताशी आहे का? पिशवीत रक्त गोठू नये म्हणून घातलेलं सायट्रेट पेशंटचं कॅल्शियम खाऊन टाकतं, आणि दोन-चार पिशव्यांनंतर हृदयही मंदावतं, रक्त गोठणंही. पिशवी दाबून रक्त वेगानं देणारी प्रेशर बॅग, मोठ्या कॅन्युला, कंबरेचा पट्टा. ही यादी पूर्ण झाली की पंप घ्या. जरूर घ्या.

घेताना दुकानातच तुमच्या स्टोअरमधली सिरिंज लावून बघा, त्यांची नको. वेग तासाला २ एमएल ठेवून नळी चिमटीत दाबा आणि अलार्म किती वेळानं वाजतो ते घड्याळ लावून मोजा. मुलगा म्हणेल इतक्या कमी वेगात कोण चालवतं, तरी मोजा. प्लग काढून बॅटरीवर तासभर चालू ठेवा आणि मधल्या वेळात त्याच्याकडून सर्व्हिसची अट कागदावर लिहून घ्या, इंजिनिअर कुठल्या गावाहून येणार यासकट. एका पंपाचा भाव विचारू नका, दोनचा विचारा. एकावर नॉरॲड्रिनॅलिन असताना सिरिंज बदलायला दुसरा लागतोच, आणि दोन घेतले की आम्हाला त्यानं दोन डझन सिरिंजा फुकट दिल्या.